गणित कच्चं आहे, तरी उत्क्रांती जीवशास्त्र घ्यावं का?

जीवशास्त्रात उत्तम गुण, गणितात जेमतेम. अशी एक विद्यार्थिनी पदवीचा विषय ठरवायच्या वेळी आईला घेऊन समुपदेशनाला आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) उत्क्रांतीची तिला मनापासून ओढ होती. जीवाश्मांबद्दल, गॅलापागोस बेटांवरच्या फिंच पक्ष्यांच्या चोचींबद्दल ती भरभरून बोलायची. पण अभ्यासक्रम उघडला तर त्यात पॉप्युलेशन जेनेटिक्स (समूहातलं जनुकांचं प्रमाण कसं बदलतं याचा अभ्यास), संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग. "गणितातून सुटायचं म्हणून तर जीवशास्त्राकडे वळले. हे मला झेपणार नाही," ती म्हणाली. आईची काळजी निराळी होती: हे शिकून पुढे करायचं काय?

मुलीची भीती आम्ही उडवून लावली नाही, कारण ती अर्धी खरी आहे. बाहेरून उत्क्रांती ही प्राण्यांची गोष्ट वाटते. आत शिरल्यावर ती पिढ्यान्‌पिढ्या बदलणाऱ्या प्रमाणांचा हिशोब असते. तिच्या आवडत्या फिंचचंच बघा. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या संशोधक दांपत्याने १९७३ पासून गॅलापागोसमधल्या डॅफ्ने मेजर या छोट्या बेटावर पक्षी पकडून चोचींची मापं घेतली. १९७७ च्या दुष्काळात लहान, मऊ बिया संपल्या आणि मोठ्या चोचीचे पक्षी जास्त प्रमाणात तगले. ही नैसर्गिक निवड होती हे आधी-नंतरच्या सरासरीवरून कळतं. पण पुढची पिढी खरंच बदलेल का, हे कळायला आईबापांच्या आणि पिल्लांच्या चोचींचा संबंध आकड्यांत मांडावा लागतो. तो हिशोब वगळला तर उरते फक्त सुंदर गोष्ट.

मग प्रश्न असा, की नेमकं कुठलं गणित लागतं? आम्ही तिला एकूण गुण बाजूला ठेवायला सांगितलं आणि जुन्या उत्तरपत्रिका प्रकरणवार पाहिल्या. गुण गेले होते ते त्रिकोणमिती आणि समाकलनात. संभाव्यता, गुणोत्तर, घातांक यांत ती ठीक होती. पदवीच्या पातळीवर उत्क्रांतीचं बहुतेक काम याच दुसऱ्या गटावर चालतं. 'गणित कच्चं आहे' असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने आधी ही फोड करावी. त्याशिवाय घेतलेला निर्णय अंदाजपंचे असतो.

त्यानंतर तिला एक उदाहरण सोडवायला दिलं. एक अप्रभावी आनुवंशिक आजार, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्या तरच होणारा, १०,००० जन्मांत एकाला होतो, तर वाहक (एकच सदोष प्रत असलेले) किती? समूहातल्या सगळ्या प्रतींत सदोष प्रतींचं प्रमाण क्यू आणि निर्दोष प्रतींचं पी धरू. जोड्या योगायोगाने जुळतात असं मानणाऱ्या हार्डी-वाइनबर्ग नियमानुसार आजारी व्यक्तींचं प्रमाण म्हणजे क्यूचा वर्ग आणि वाहकांचं २ × पी × क्यू. म्हणून क्यू = ०.०१, पी = ०.९९ आणि वाहक २ × ०.९९ × ०.०१ = ०.०१९८, म्हणजे साधारण ५० जणांत एक. इथे दोन चुका हमखास होतात. एक, ०.०००१ लाच क्यू धरतात, वर्गमूळ काढायचं राहून जातं. दोन, गुणाकारातला २ विसरतात. सदोष प्रत आईकडून किंवा वडिलांकडून, अशा दोन वाटांनी येऊ शकते, म्हणून तो २ आहे. तिने दुसरी चूक केली आणि कारण समजल्यावर स्वतःच सुधारली. हार्डी हे गणितज्ञ. हा मुद्दा इतका साधा, की जीवशास्त्रज्ञांना तो आधीच माहीत असेल असं आपल्याला वाटलं होतं, हे त्यांनी १९०८ मध्ये लिहून ठेवलं आहे. हे ऐकल्यावर ती जरा सैलावली.

खरी गंमत पुढच्या पायरीवर होती. समजा या आजाराच्या एकाही व्यक्तीला मुलं होत नाहीत. मग तो जनुक किती लवकर नाहीसा होईल? पुढच्या पिढीतला क्यू = क्यू ÷ (१ + क्यू). या सूत्राने ०.०१ वरून ०.००५ वर यायला १०० पिढ्या लागतात. तिला आकडा चुकल्यासारखा वाटला. कारण मोजून पाहिलं: १०,००० माणसांत सदोष प्रती साधारण २००; त्यातल्या दोनच आजारी व्यक्तीत, बाकी १९८ वाहकांत लपलेल्या. निवडीला त्या दिसतच नाहीत. विसाव्या शतकात काही देशांनी 'वंशशुद्धी'च्या नावाखाली सक्तीच्या नसबंदीचे कायदे केले. माणुसकीच्या कसोटीवर ते क्रूर होतेच. अशा अप्रभावी दोषांपुरतं बोलायचं तर 'दोष लवकर संपेल' हा दावाही या चार ओळींच्या हिशोबापुढे टिकत नाही. अशा वेळी गणित ओझं राहत नाही. मुलीने आपणहून क्यूची वेगळी किंमत घालून पाहिली, आणि आमच्या दृष्टीने तिच्या निर्णयासाठी ही गोष्ट गुणपत्रिकेइतकीच महत्त्वाची होती.

घरी करायला मण्यांचा प्रयोग दिला. पिशवीत १० लाल, १० पांढरे मणी घ्यायचे. न बघता एक काढायचा, रंग लिहायचा, परत टाकायचा. असं २० वेळा. आलेल्या प्रमाणात पिशवी नव्याने भरायची, ही पुढची पिढी. दहा पिढ्यांचा आलेख काढायचा. हे दहा द्विगुणित (प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असलेल्या) जीवांच्या समूहातलं जेनेटिक ड्रिफ्ट, म्हणजे निव्वळ योगायोगाने जनुकांच्या प्रमाणात होणारा बदल. अशा समूहात दर पिढीला विविधता (योगायोगाने घेतलेल्या दोन प्रती वेगळ्या असण्याची शक्यता) सरासरी ५ टक्क्यांनी घटते, म्हणून ०.५ वरून दहा पिढ्यांत ती ०.३० च्या आसपास येते. पण एकाच फेरीत हा आकडा मिळेलच असं नाही. बऱ्याच फेऱ्यांची सरासरी घ्यावी लागते. मणी परत न टाकता वीसच्या वीस काढले, तर दर वेळी १०-१० येतात आणि ड्रिफ्ट दिसतच नाही. हाच प्रयोग 'आर' या प्रोग्रॅमिंग भाषेत दहाएक ओळींत बसतो. हाताने केलेला असला की त्या ओळी कोऱ्या वाटत नाहीत.

पुढे जिथे विद्यार्थी अडखळतात, तिथलं एक उदाहरणही तिला आधीच दाखवलं. एका जनुकाच्या 'अ' आणि 'ब' या दोन रूपांसाठी १०० जणांची तपासणी: ३० जणांत दोन्ही प्रती 'अ', ४० मिश्र, ३० जणांत दोन्ही 'ब'. नियमाप्रमाणे अपेक्षित २५, ५०, २५. प्रत्यक्ष आणि अपेक्षित आकड्यांतली तफावत मोजणाऱ्या काय-वर्गाची किंमत १ + २ + १ = ४. गट तीन म्हणून स्वातंत्र्यमात्रा (मोकळेपणाने बदलू शकणारे आकडे किती) २ धरली, तर योगायोग म्हणून चालण्याची मर्यादा ५.९९, ४ तिच्या आत आणि सगळं आलबेल दिसतं. पण 'अ'चं प्रमाण याच माहितीतून काढलंय, म्हणून मात्रा १, मर्यादा ३.८४, ४ तिच्या बाहेर, आणि निष्कर्ष उलटतो. इथे बेरीज-गुणाकार कोणाचा चुकत नाही. आकडा आला कुठून, हे विचारायचं राहतं. ही सवय लावून घेता येते, त्याला जन्मजात गणिती डोकं लागत नाही.

आता पदवी. 'उत्क्रांती' हे नाव असलेली स्वतंत्र पदवी मोजक्याच विद्यापीठांत मिळते. बहुतेक ठिकाणी हा विषय जीवशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा जेनेटिक्सच्या पदवीत असतो. नावावर जाऊ नका. उत्क्रांतीचा एकच पेपर शेवटच्या वर्षी आहे, की दुसऱ्या वर्षापासून पॉप्युलेशन जेनेटिक्स, क्वांटिटेटिव्ह जेनेटिक्स (चोचीच्या मापासारख्या मोजता येणाऱ्या गुणांची आनुवंशिकता) आणि वंशवृक्षांचा, म्हणजे प्रजातींची नाती दाखवणाऱ्या आकृत्यांचा, अभ्यास क्रमाने येतो, ते पाहा. संख्याशास्त्राला प्रात्यक्षिक आहे का, प्रकल्पात विद्यार्थी स्वतः माहिती गोळा करतात का, हे विभागाला थेट विचारा. वंशवृक्ष नुसता पाठ करून घेणाऱ्या वर्गात मुलं त्याला शिडी समजतात आणि टोकं डावीकडून उजवीकडे वाचतात. प्रत्यक्षात फांदी गाठीपाशी (जिथून ती फुटते तिथे) फिरवली तरी नातं तेच राहतं. जवळीक ठरते ती सामायिक पूर्वज किती अलीकडचा यावर.

आईंना सरळ उत्तर दिलं. केवळ पदवीवर 'उत्क्रांती जीवशास्त्रज्ञ' म्हणून नोकऱ्या फार कमी. संशोधनासाठी पुढे पदव्युत्तर शिक्षण आणि बहुधा पीएच.डी. लागते. पण विषाणूंच्या जनुकक्रमांवरून साथीचा माग काढणं, पीक-पशू पैदास, संकटग्रस्त प्रजातींचं संवर्धन इथे हीच कौशल्यं वापरली जातात. प्रयोगशाळेत एन्झाइम 'उत्क्रांत' करण्याच्या पद्धतीसाठी फ्रान्सिस आर्नल्ड यांना २०१८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणून जोडविषय संख्याशास्त्र किंवा रेण्वीय जीवशास्त्र घ्यावा, म्हणजे मधे वाट बदलावी लागली तरी हातात काही असतं.

प्रवेशाआधीच्या काळासाठी क्रम ठरवून दिला: आधी सशर्त संभाव्यता, मग लॉगॅरिदम, मग आलेखाचा उतार म्हणजे काय, आणि त्यानंतर 'आर'. कॅल्क्युलसचं जाड पुस्तक पहिल्या पानापासून उघडायचं नाही. बरेचजण तिथेच थकून सोडून देतात. पहिल्या वर्षी संख्याशास्त्र सक्तीचं आहे अशी जीवशास्त्राची पदवी तिने निवडली. समाकलनाची धास्ती अजून गेलेली नाही. समाकलन लागणारी ड्रिफ्टची डिफ्यूजन समीकरणं बहुधा पदव्युत्तर पातळीवर येतात, त्यामुळे ते सध्या बाजूला ठेवलंय. पहिल्या सत्रातलं संख्याशास्त्र कसं जातं ते पाहून उत्क्रांतीचे ऐच्छिक पेपर किती घ्यायचे, हे ती ठरवणार आहे.