अपग्रेड केलं आणि सॉफ्टवेअर रखडलं, आता लग्नाच्या अल्बमचं काय?

तासगावच्या एका फोटोग्राफर दादांचा प्रश्न आलाय, थोडक्यात सांगतो. छोटा स्टुडिओ, मदतीला वहिनी आणि सीझनला एक पोरगा. सांगलीतल्या डीलरनं फोटो एडिटिंगचं नवीन व्हर्जन गळ्यात मारलं, वर्षाचे १८ हजार, "आहे त्याच मशीनवर पळतंय, काळजी करू नका" असं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दिलं आणि माणूस पाठवून जुनं काढून नवं टाकलं. तेव्हापासून फोटो उघडायला मिनिट लागतंय, स्लायडर हलवला की चक्र फिरत बसतंय, एक्स्पोर्ट लावून जेवून आलं तरी अर्धंच झालेलं. डीलर म्हणतो रॅम वाढवा, कंपनी म्हणते ड्रायव्हर अपडेट करा, आणि इकडं पलूसचं लग्नाचं गिऱ्हाईक म्हणतंय अल्बम द्या नाहीतर २५ हजार ॲडव्हान्स परत करा, नसेल जमत तर ग्राहक कोर्टात भेटू. दादा विचारतात डीलरवर केस होते का, आणि गिऱ्हाइकाला काय सांगू.

दादा, दुसरा प्रश्न आधी घेतो कारण खरी आग तिथं लागलीय. गिऱ्हाइकाला सॉफ्टवेअरचं कारण सांगून काही उपयोग नाही. त्यांचा व्यवहार तुमच्याशी झालाय, डीलरशी नाही. आचारी आला नाही म्हणून कार्यालयवाला वऱ्हाडाला उपाशी परत पाठवू शकतो का? तसंच हे. ठरलेल्या वेळेत अल्बम नाही म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणं सेवेत त्रुटी, आणि तिथं विरुद्ध पक्ष तुम्ही असणार. म्हणून आजच्या आज सगळे फोटो आहेत तसे पेन ड्राइव्हवर त्यांना द्या, पोच म्हणून सही घ्या, आणि अल्बमचं एडिटिंग मिरज-कोल्हापूरकडच्या कुठल्यातरी लॅबला बाहेर द्या, पण पक्कं बिल घेऊन.

बिलावर जोर देतोय त्याला कारण आहे. करार कायद्याचं कलम ७३ म्हणतं की नुकसानभरपाई मोजताना नुकसान टाळायचे काय मार्ग हाताशी होते तेही बघायचं. तुम्ही दोन महिने नुसते चक्राकडं बघत बसलात आणि मग सीझन बुडाला म्हणून दोन लाख मागितले तर समोरचा वकील पहिलं हेच विचारणार की बाहेर काम का नाही दिलं? लॅबला दिलेले पैसे मात्र सरळ आकड्यात दाखवता येतात. म्हणजे त्या एका बिलानं गिऱ्हाईकही शांत होतंय आणि डीलरविरुद्धची केसही उभी राहते.

आता डीलर. पहिला आक्षेप येणार की तुम्ही धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहकच नाही. कायद्यात व्यावसायिक कारणासाठी घेतलेली वस्तू वगळलीय हे खरं, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्यात धरत नाहीत. सुप्रीम कोर्टानं १९९५ ला लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात सांगितलंय की मदतीला एकदोन माणसं असली म्हणून ग्राहकपण जात नाही, त्यामुळं वहिनी आणि तो पोरगा अडचण नाहीत. फक्त तक्रारीत "स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी" हे स्पष्ट लिहा, लोक नेमकं हेच विसरतात. तुमची जीएसटी नोंदणी असेल आणि या बिलावर भरलेल्या कराचं क्रेडिट (वजावट) घेतलं असेल तर आधी मला सांगा, तो मुद्दा ते उकरणारच.

आता स्लो आहे म्हणजे दोष आहे का? इथं जरा कठीण आहे, खोटं कशाला सांगू. नवीन व्हर्जन टाकल्यावर सुरुवातीला कॅटलॉग (म्हणजे सॉफ्टवेअरची फोटो आणि एडिटिंगची नोंदवही) बदलून घेणं, प्रिव्ह्यू परत तयार करणं यात मशीन अडकतंच, शिवाय नवीन एआय फीचर ग्राफिक्स कार्डवर चालतात आणि कार्ड जुनं असेल तर रडतात. कंपनी म्हणेल मशीन किमान कसं हवं त्या अटी वेबसाइटवर आहेत, आणि किमान म्हणजे चालेल, पळेल असं नव्हे. त्यामुळं कंपनीच्या मागं लागण्यात मला फारसा रस नाही. तुमचा हुकमाचा पत्ता डीलरचा तो मेसेज आहे. त्यानं तुमचं मशीन बघून, पळतंय असं लिहून दिलं आणि त्यावर विसंबून तुम्ही पैसे मोजले, आणि वर चालू असलेलं जुनं व्हर्जन काढून टाकलं, ते तुम्हाला विचारून काढलं का हे मला नीट कळवा.

पुरावा आत्ताच जमवा. तेच शंभर फोटो, तीच सेटिंग, किती वेळ लागतो त्याचं स्क्रीन रेकॉर्डिंग करा, शेजारी टास्क मॅनेजर उघडा म्हणजे मेमरी आणि डिस्क किती भरते ते दिसेल. किमान अटींच्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट घ्या. ओळखीच्या हार्डवेअरवाल्याकडून लेटरहेडवर दोन ओळी लिहून घ्या, शपथपत्र दिलं तर अजून चांगलं. व्हॉट्सअ‍ॅप चॅट डिलीट करू नका, मोबाइल बदलू नका. मोबाइल-कॉम्प्युटरवरच्या पुराव्यासाठी जुन्या पुरावा कायद्यात कलम ६५ब होतं, जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आलंय, त्याचं प्रमाणपत्र जोडायचं. ग्राहक आयोगाला (लोक ग्राहक कोर्ट म्हणतात तेच) पुराव्याचा कायदा तंतोतंत लागू नसला तरी जोडलेलं बरं.

मग डीलरला नोटीस, पंधरा दिवसांची मुदत, मागणी साधी: पैसे परत किंवा जुनं व्हर्जन परत बसवून द्या, आणि लॅबचा खर्च. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाका, फुकट आहे, आणि असले छोटे विषय कधीकधी तिथंच मिटतात. नाहीच मिटलं तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात. तुम्ही राहता किंवा काम करता तिथं तक्रार करता येते, त्यामुळं लायसन्सच्या बारीक अक्षरात बाहेरचं कुठलं कोर्ट लिहिलं असलं तरी घाबरू नका. मोजलेली रक्कम ५ लाखांच्या आत म्हणजे फी शून्य. मुदत दोन वर्षं. कायद्यात तीन ते पाच महिन्यांत निकाल लिहिलाय, प्रत्यक्षात जास्त धरून चाला. आणि मानसिक त्रासाचे पाच लाख वगैरे लावू नका ओ, १८ हजाराच्या बिलावर ते बघून आयोगही हसतंय.

अजून एक, जुन्या व्हर्जनची कॅटलॉग फाइल बऱ्याचदा डिस्कवर तशीच पडलेली असते, नवीन वेगळी तयार होते. ती शोधून दुसऱ्या हार्डडिस्कवर कॉपी करा आणि डीलरचा माणूस "फॉरमॅट मारून देतो" म्हणत आला तर मशीनला हात लावू देऊ नका.