नवीन शिक्षिका ताईंसाठी, आधी चित्रं बघा

ताई, मुलगा-मुलगी समान हे शिकवायचं म्हणून पुस्तक बदलायला कमिटी लागते, पण तुमच्या वर्गातलं पुस्तक कसं शिकवायचं ते तुमच्याच हातात आहे. बालभारतीने 2019 ला दुसरीच्या पुस्तकात आईबाबा दोघं मिळून भाजी निवडतायत असं चित्र दिलं, बाई डॉक्टर दाखवली. ते पान नुसतं उलटू नका हं, मुलांना विचारा तुमच्या घरी भाजी कोण निवडतं. मी विचारलं तर एक पोरगा हळूच म्हणाला, बाबा निवडतात पण कोणाला सांगू नका. त्यावर आमचा अख्खा तास गेला आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

गणितं स्वतः बनवता तेव्हा दरवेळी सीमाने भाजी आणि राजूने ट्रॅक्टर असं होतं, आपल्याही नकळत, तर नावं अदलाबदल करून लिहा. वर्ग मुलींनी झाडायचा नि बाकं मुलांनी उचलायची हे आधी बंद करा, रोल नंबरप्रमाणे पाळी लावा, कारण मुलं पुस्तकापेक्षा ह्यातूनच जास्त शिकतात. पालक कुरकुर करतील, त्यांना शाळेत बोलवा, चिडू नका. मासिक पाळीचा विषय आला की मुलग्यांना बाहेर पाठवतात, तेही नको, सगळ्यांना एकत्रच सांगा.