गोव्यात सिव्हिल इंजिनिअरिंग घ्यावं का?

बारावी झाली, कॉम्प्युटरला गुण कमी पडले, सिव्हिलला जागा मिळतेय, घर वाळपईला, आणि घरात सगळे सांगतायत की सिव्हिलमध्ये पैसा नाही नि गोव्यात कामही नाही. तर घेऊ का, असा तुझा प्रश्न. माझ्या भाच्याच्या वयाचा असशील, म्हणून एकेरीत लिहितो.

काम नाही हे साफ खोटं. पर्वरीच्या पठारावर एकदा उभा राहा आणि क्रेन मोज. पैसा नाही हे मात्र पहिली चार-पाच वर्षं खरं आहे. 2008 मध्ये मी फर्मागुढीच्या सरकारी कॉलेजातून बाहेर पडलो, तेव्हा हातात 7,000 रुपये यायचे. सॉफ्टवेअरला गेलेले मित्र त्याच्या तिप्पट घेत होते, वर एसीत बसून. मी डोक्याला टॉवेल गुंडाळून चिरे मोजत होतो.

पण तुला कोणी सांगणार नाही ते आधी सांगतो. गोव्यात सिव्हिल म्हणजे पाण्याशी हुज्जत. पाऊस, खाडी आणि खारा वारा, हे तिघे इथले खरे परीक्षक. ते कॉलेजात भेटत नाहीत.

मला ते पहिल्याच पावसात भेटले. एका बंगल्याच्या मागे डोंगर कापून चिऱ्यांची 3 मीटर उंच संरक्षक भिंत घातली होती. ड्रॉइंगमध्ये वीप होल होते, म्हणजे भिंतीमागचं पाणी बाहेर यायला ठेवलेली भोकं. मेस्त्रीने ती सिमेंटने बुजवली, कारण मालकाला ती ‘बरी दिसत नव्हती’. मी साइटवर होतो, मीही पाहिलं होतं. तेवीस वर्षांचा पोरगा पन्नाशीच्या मेस्त्रीला काय सांगणार, म्हणून गप्प बसलो. जुलैत एका रात्री पाऊस कोसळला आणि सकाळी भिंत मालकाच्या गाडीवर झोपलेली. माणूस नव्हता खाली, नशीब. नंतर मी कागदावर हिशेब मांडला: 3 मीटर भिंतीमागे पाणी काठोकाठ साचलं, तर भिंतीच्या दर मीटर लांबीला नुसत्या पाण्याचा साडेचार टनांच्या आसपास रेटा बसतो. मातीचा वेगळा. हे गणित मी दुसऱ्या वर्षाला सोडवून गुण घेतले होते! कंत्राटदाराने माझा दोन महिन्यांचा पगार अडकवला. राग आला होता तेव्हा. आज त्याच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

त्या मेस्त्रीकडूनच पुढे मी निम्मं काम शिकलो, हेही खरं. पारदर्शक नळीत पाणी भरून पन्नास मीटरवरची लेव्हल कशी घ्यायची, काँक्रीट मुठीत दाबून पाणी जास्त झालंय हे कसं ओळखायचं, रिंगेचा, म्हणजे उभ्या सळयांना वेढणाऱ्या कडीचा, हूक आत वळला नाही तर सळई वाकवणाऱ्या बारबेंडरला कुठल्या शब्दांत झापायचं. मेस्त्री गदगचा. त्याच्यापायी मला कामापुरतं कन्नड येतं. इथले बहुतेक मजूर कर्नाटक, ओडिशा, झारखंडचे. कोकणी-मराठीवर साइट चालत नाही.

खाऱ्या वाऱ्याचं सांगतो. पणजी ते रायबंदर हा पोर्तुगीजांनी 1630 च्या दशकात बांधलेला बांधवजा पूल, त्यावरून आजही गाड्या जातात. आणि तिथलाच मांडवी नदीवरचा काँक्रीटचा पूल जुलै 1986 मध्ये पडला, तोही बांधून उणीपुरी पंधरा-सोळा वर्षं झाली असताना. जुन्यात लोखंडच नाही, मग गंजणार काय? नव्यातल्या, काँक्रीट आवळून धरणाऱ्या ताणलेल्या पोलादी तारा गंजल्या. मोरजी-हरमलला काम करशील तेव्हा आयएस 456 हे काँक्रीटचं भारतीय मानक उघडून बघ: किनाऱ्यालगत निदान एम 30 ताकदीचं काँक्रीट आणि सळईवर 45 मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळई झाकणारा काँक्रीटचा थर. प्रत्यक्षात तेवढं अंतर राखणारे कव्हर ब्लॉक घालायला कंटाळून चिऱ्याचा तुकडा सरकवलेला दिसेल. तो काढायला लावणं, ही तुझी नोकरी. बाकी सगळं, म्हणजे सळईचं दर मीटर वजन काढायचं सूत्र (मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले 162), झालेल्या कामाची टप्प्याटप्प्याची आरए बिलं, मोजमापांचं मेजरमेंट बुक, सहा महिन्यांत हातात बसतं.

दबाव येतो. काँक्रीटची ताकद तपासायला लॅबला पाठवायच्या क्यूबमध्ये, म्हणजे नमुन्याच्या ठोकळ्यात, सिमेंट वाढवून ‘खास’ माल भरा, असं मला तोंडावर सांगितलेलं आहे. 150 मिलिमीटरचा तो ठोकळा 28 दिवसांनी पास होतो, स्लॅब मात्र कच्चाच राहतो. 2014 च्या जानेवारीत काणकोणात बांधकाम चालू असलेली इमारत पडून मजूर गाडले गेले. त्यानंतर काही दिवस सगळ्या साइटवर इंजिनिअरचा शब्द ऐकला जायचा. काही दिवसच.

सरकारी नोकरीबद्दल विचारलं नाहीस, पण घरचे विचारतील. साबांखा (सार्वजनिक बांधकाम खातं), जलस्रोत खातं, पंचायत खातं, सगळीकडे इंजिनिअर लागतात. पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला आणि कोकणी हवीच. मराठी येत असेल तर चांगलं, एवढंच जाहिरातीत लिहितात. जाहिरात येईल तेव्हा अर्ज जरूर कर. पण तिच्या वाटेकडे डोळे लावून तीन-चार वर्षं घरी बसलेली हुशार मुलं मी पाहिलीत. त्यांच्याकडे ना सरकारी खुर्ची आली, ना साइटचा हात राहिला.

एक खंत आहे माझी. दहावीनंतर तीन वर्षं डिप्लोमा करून थेट डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला आलेली आमच्या वर्गातली मुलं साइटवर आमच्यापेक्षा केव्हाही सरस होती. तुझी ती गाडी सुटली, हरकत नाही. सुट्टीत फुकट का होईना, एखाद्या कंत्राटदाराकडे जात जा. डिझाइनच्या ऑफिसात जायचं असेल तरी आधी दोन वर्षं साइटची धूळ खा. ज्याने सळई बांधताना पाहिली नाही, तो कागदावर अशी गर्दी करून ठेवतो की त्यात काँक्रीट हलवून घट्ट बसवणाऱ्या व्हायब्रेटरची सुई शिरत नाही.

मुलगी असशील तर, नावावरून कळलं नाही म्हणून लिहितो: माझ्याकडे दोघीजणी आहेत आणि मेस्त्री मला फसवतात तेवढे त्यांना फसवू शकत नाहीत. साइटवर धड संडास नसतो, ही अडचण मात्र खरी. पहिल्याच दिवशी मागून घ्यायचा.

आता मे संपत आलाय. पावसाआधी उरकायचं म्हणून जो तो स्लॅब घालतोय, वाळपईतही दोन-तीन असतील. फॉर्म भरायच्या आधी एकावर जा. सकाळी सहाला मिक्सर सुरू होतो तेव्हापासून रात्री शेवटची पाटी पडेपर्यंत थांब. डबा ने, पाणी ने. दुपारी दोनला घरी जावंसं वाटलं तर दुसरी शाखा बघ. रात्री आठला व्हायब्रेटर बंद पडला आणि ‘आता काय करणार?’ म्हणून तू पुढे सरकलास, तर मला इथेच कळव. पुढच्या सुट्टीत कामाला ये.