स्टिअरिंग वळवताना ‘खट्’ होतंय

प्रश्न : गाडी उभी असतानाही स्टिअरिंग वळवलं की डाव्या चाकाकडून ‘खट्’ आवाज येतो. मेकॅनिक रॅक (स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा भाग) बदला म्हणतो. काय करावं? – वाचक, अमळनेर

उत्तर : रॅकच्या खर्चात इतक्यात पडू नका. उभ्या गाडीत आवाज येतो म्हणजे पहिला संशय शॉकअपच्या वरच्या माउंट-बेअरिंगवर, म्हणजे शॉकअपचं वरचं टोक धरून त्याला फिरू देणाऱ्या भागावर. शेतरस्त्याची धूळ आत गेली की ते जाम होतं. मग स्प्रिंग शॉकअपबरोबर न फिरता पिळत जाते आणि एकदम सुटते, तोच ‘खट्’. बोनेट उघडा, कुणाला तरी स्टिअरिंग सावकाश फिरवायला सांगा आणि माउंटच्या टोपीवर तळहात ठेवा. धक्का हाताला लागला तर निदान झालंच. माउंट दोन्ही बाजूंचे बदलावेत, नंतर अलाइनमेंट करावी.

तिथं काही जाणवलं नाही, तर चाक जॅकवर उचलून खाली स्टँड लावा. डाव्या-उजव्या कडेला आडवं धरून हलवताना खेळ (ढिलेपणा) असेल तर टायरॉड एंड (रॅककडून चाकाकडे येणाऱ्या दांड्याचं टोक), वर-खाली उभं धरून असेल तर बहुधा बॉल जॉइंट (चाकाला खालून धरणारा गोल सांधा). बॉल जॉइंट ढिला निघाला तर गाडी चालवूच नका, चाक निखळू शकतं. चालत्या गाडीत वळणावर ‘कट-कट-कट’ येत असेल तर मात्र अ‍ॅक्सलचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा, जॉइंट. त्याचं रबरी बूट फाटलंय का बघा.