ऑर्का मोकळ्या समुद्रात माणसाला मारत नाही, मग हौदात प्रशिक्षकांचे बळी का गेले?

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. मोकळ्या समुद्रात माणसाच्या वाटेला न जाणारा ऑर्का (डॉल्फिनच्या कुळातला काळा-पांढरा, मोठा शिकारी सागरी प्राणी, इंग्रजीत 'किलर व्हेल') बंदिस्त हौदात प्रशिक्षकाचा जीव का घेतो, आयते अन्न आणि पशुवैद्य हाताशी असताना त्याला ठेवण्यात वाईट ते काय, आणि येत्या सुट्टीत मुलांना अमेरिकेतील ऑर्लँडोचे सीवर्ल्ड हे ऑर्कांचे खेळ दाखवणारे उद्यान दाखवावे की नाही. पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर माझ्या मते एकच आहे. ज्या गोष्टींनी या प्राण्याचे आयुष्य नासते, त्याच गोष्टींमुळे तो माणसासाठी धोकादायक बनतो, म्हणून सुरक्षेचा विचार वेगळा आणि नीतीचा वेगळा असे करता येत नाही.

समुद्रात ऑर्काने माणसाला ठार मारल्याची एकही खात्रीशीर नोंद नाही. स्पेन-पोर्तुगालच्या किनाऱ्यावर 2020 पासून काही ऑर्का शिडाच्या होड्यांची सुकाणू मोडत आहेत, त्यात होड्या बुडाल्याही आहेत, परंतु पाण्यात पडलेल्या माणसावर त्यांनी हल्ला केलेला नाही. बंदिवासात मात्र चार माणसे मेली, आणि त्यांपैकी तीन मृत्यूंशी टिलिकम या एकाच नराचे नाव जोडलेले आहे. त्यामुळे हा एक माथेफिरू प्राणी होता, असे म्हणून विषय मिटवणे सोपे जाते. त्याची हकीकत जरा सविस्तर पाहिली तर तसे म्हणवत नाही.

टिलिकमला 1983 च्या नोव्हेंबरमध्ये आइसलँडच्या किनाऱ्याजवळ पकडले, तेव्हा तो जेमतेम दोन वर्षांचा होता. सुमारे वर्षभर त्याला तिथल्याच एका टाकीत ठेवले आणि मग कॅनडातील व्हिक्टोरिया शहराजवळच्या सीलँड ऑफ द पॅसिफिक या लहानशा उद्यानाला विकले. तिथे आधीपासून हैदा आणि नूटका या दोन माद्या होत्या. त्या त्याच्या आईच्या कळपातल्या नव्हत्या, वयाने मोठ्या होत्या, आणि त्याला दातांनी ओरबाडत. समुद्रात दुबळ्या प्राण्याला दूर निघून जाता येते. इथे दिवसा जाळ्याने वेढलेला छोटा तलाव होता, आणि उद्यान बंद झाले की तिघांनाही रात्रभर एका अंधाऱ्या लोखंडी कप्प्यात कोंडले जाई, जिथे अंग वळवण्यापुरतीच जागा होती. सकाळी दार उघडले की त्याच्या अंगावर दातांचे ताजे ओरखडे दिसत, असे तिथे काम केलेल्या लोकांनी सांगितले आहे. 20 फेब्रुवारी 1991 रोजी केल्टी बर्न ही वीस वर्षांची प्रशिक्षक पाय घसरून पाण्यात पडली. ती काठाकडे येऊ लागली तेव्हा या तिघांनी तिला पुन्हा आत ओढले, आणि ती बुडून मेली. या तिघांच्या तलावात प्रशिक्षक कधी उतरत नसत, त्यामुळे पाण्यातला माणूस हे त्यांच्यासाठी नवे होते. सीलँड त्यानंतर लवकरच बंद पडले आणि टिलिकम 1992 च्या जानेवारीत ऑर्लँडोच्या सीवर्ल्डमध्ये आला.

माणूस मेलेला असताना हा प्राणी विकत घेतला गेला याचे कारण तो प्रजननासाठी मोलाचा होता. पुढच्या काळात त्याच्यापासून वीसहून अधिक पिल्ले जन्मली. 1999 मध्ये उद्यान बंद झाल्यावर आत लपून राहिलेल्या एका माणसाचे प्रेत सकाळी टिलिकमच्या हौदात सापडले. आणि 24 फेब्रुवारी 2010 रोजी, एक खेळ नुकताच संपलेला असताना, डॉन ब्रँशो ही अत्यंत अनुभवी प्रशिक्षक उथळ कठड्यावर आडवी होऊन त्याच्याशी बोलत होती. त्याने तिला पाण्यात ओढले. तो वजनाने पाच टनांहून अधिक होता. आसपासच्या सहकाऱ्यांना जाळी टाकूनही तिला सोडवता आले नाही, आणि हे सारे पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत घडले.

आता टिलिकमला बाजूला ठेवू. डॉन ब्रँशोच्या मृत्यूच्या दोनच महिने आधी, 24 डिसेंबर 2009 रोजी, स्पेनच्या कॅनरी बेटांवरील लोरो पार्के या उद्यानात नाताळच्या खेळाची तालीम चालू असताना केटो नावाच्या नराने आलेक्सिस मार्टिनेझ या प्रशिक्षकाला ठार केले. केटो समुद्रातून पकडलेला नव्हता, त्याचा जन्मच सीवर्ल्डमध्ये झाला होता, आणि लहान वयातच आईपासून तोडून त्याला एका उद्यानातून दुसऱ्या उद्यानात फिरवले गेले होते. म्हणजे बंदिवासात जन्मलेला प्राणी माणसाळतो, ही समजूतही टिकत नाही. सीवर्ल्डच्याच सॅन डिएगो येथील उद्यानात 2006 मध्ये कासात्का या मादीने केन पीटर्स या प्रशिक्षकाचा पाय धरून त्याला तळाशी नेले. तो वाचला, कारण तो घाबरून झटापट करत बसला नाही, श्वास राखून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला, आणि तिने क्षणभर पकड सैल करताच जाळ्यापलीकडे निसटला. त्या प्रसंगाचे चित्रीकरण उपलब्ध आहे. ते पाहताना मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही वाटली की कासात्काला त्याला मारणे क्षणाचे काम होते. तिने त्याला खाली नेले, वर आणले, श्वास घेऊ दिला आणि पुन्हा खाली नेले. प्राणी बिथरून असे करत नाही. आपण काय करतो आहोत हे तिला कळत होते.

असे का होते, हे समजण्यासाठी ऑर्काचे कुटुंब समजून घ्यावे लागते. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या आणि अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या मासेखाऊ ऑर्कांचा अभ्यास 1970 च्या दशकापासून अखंड चालू आहे. मायकेल बिग या शास्त्रज्ञाने पाठीवरच्या पराचा आकार आणि त्यामागचा करडा डाग यांच्या छायाचित्रांवरून प्रत्येक प्राणी वेगळा ओळखण्याची पद्धत रूढ केली, म्हणून आज त्यांच्या चार-चार पिढ्यांची वंशावळ आपल्यापुढे आहे. या ऑर्कांमध्ये मुलगी सासरी जात नाही आणि मुलगाही घर सोडत नाही. दोघेही जन्मभर आईच्या सोबत राहतात. प्रत्येक घराण्याची बोली वेगळी असते आणि ती पिल्ले आईकडून शिकतात. माद्यांची पिल्ले होणे चाळिशीच्या आसपास थांबते, पण त्या पुढे अनेक दशके जगू शकतात, आणि सामन माशांचा तुटवडा असतो तेव्हा कळपाच्या पुढे बहुधा अशी एखादी आजीच असते. आई मेली तर तिशी ओलांडलेल्या मुलाचाही पुढच्या वर्षभरात मरण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो, हे याच नोंदींवरून दिसून आले आहे. 2018 मध्ये टालेक्वा नावाच्या मादीने आपले मेलेले पिल्लू सतरा दिवस डोक्यावर तोलत वाहून नेले. ते निसटून बुडू लागले की ती खोल बुडी मारून त्याला पुन्हा वर आणत असे.

अशा प्राण्याला दोन वर्षांचा असताना आईपासून ओढून काढणे, मग वेगळ्या समुद्रातल्या आणि वेगळ्या बोलीच्या अनोळखी प्राण्यांसोबत बारा मीटरही खोल नसलेल्या काँक्रीटच्या हौदात ठेवणे, त्याच्या पिल्लांची उद्यानांच्या सोयीनुसार वाटणी करणे, यातून जे निर्माण होते त्याला मी क्रौर्य म्हणतो. आयत्या अन्नाने त्याची भरपाई होत नाही. समुद्रातले ऑर्का एका दिवसात शंभर किलोमीटरही कापतात आणि त्या प्रवासात एकत्र शिकार करतात, पिल्लांना शिकवतात. हौदात त्यांना मेलेले, गोठवून ठेवलेले मासे बादलीतून मिळतात, आणि तेही बहुतांशी सांगितले ते केल्याचे बक्षीस म्हणून.

शरीरावर याच्या खुणा उमटतात. बंदिवासातल्या बहुतेक साऱ्या प्रौढ नरांचा पाठीवरचा उंच पर एका बाजूला लोळलेला असतो. समुद्रात हे क्वचितच दिसते. दातांची गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. कंटाळलेले प्राणी हौदाचे काठ आणि लोखंडी दारे चावत बसतात, दात झिजून आतला गर उघडा पडतो, मग त्यात यंत्राने भोक पाडले जाते. ते भोक बुजवत नाहीत, जंतुनाशकाने पुन्हा पुन्हा धुतात. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 29 बंदिस्त ऑर्कांचे दात तपासले गेले, आणि ज्याचे दात शाबूत आहेत असा एकही प्राणी त्यांत निघाला नाही.

पशुवैद्य हाताशी असतात हे खरे, आणि प्रशिक्षकांचे या प्राण्यांवर जीवापाड प्रेम असते हेही खरे. या धंद्याविरुद्ध सर्वांत ठाम साक्ष माजी प्रशिक्षकांनीच दिली, याचे मला विशेष वाटते.

उद्यानांच्या बाजूने एक मुद्दा मात्र मी प्रामाणिकपणे मान्य करतो. 1960 पूर्वी कोळी लोक ऑर्का दिसला की गोळी घालत, कारण तो त्यांचे मासे खाणारा वैरी मानला जाई. कॅनडा सरकारने तर 1961 मध्ये सेमूर नॅरोज या खाडीवर त्यांच्यासाठी मशीनगन बसवली होती, जी सुदैवाने कधी झाडली गेली नाही. 1964 मध्ये व्हँकुव्हर मत्स्यालयाने शिल्पासाठी नमुना म्हणून एक ऑर्का मारायला माणसे पाठवली. भाला लागूनही तो मेला नाही, म्हणून त्याला ओढून बंदरात आणले, आणि पुढच्या तीन महिन्यांत हजारो लोकांनी हा 'राक्षस' किती शांत असतो ते पाहिले. मॉबी डॉल असे नाव मिळालेला तो प्राणी त्याच वर्षी मेला. लोकांची भीती त्याच्यामुळे ओसरली, हे नाकारता येत नाही. पण जे शिकायचे होते ते तेव्हाच शिकून झाले. त्यानंतर जे चालले तो धंदा होता.

त्या धंद्याचा सर्वांत काळा दिवस 8 ऑगस्ट 1970 हा मानावा लागेल. वॉशिंग्टन राज्यातील पेन कोव्ह या खाडीत होड्या, विमान आणि पाण्यात फुटणारे सुरुंग वापरून ऐंशीच्या आसपास ऑर्का जाळ्यात कोंडले गेले. पिल्ले निवडून वेगळी काढली जात असताना बाकीचा कळप जाळ्याबाहेर ओरडत थांबला होता. जाळ्यात अडकून मेलेल्या पिल्लांच्या पोटात दगड भरून प्रेते बुडवली, ती पुढे किनाऱ्याला लागली. तिथून नेलेल्या सात पिल्लांपैकी टोकिटे ही मादी मायामीला गेली. तिथला तिचा मुख्य हौद फक्त सहा मीटर खोल होता, आणि तिची स्वतःची लांबीही तेवढीच होती. तिचा जोडीदार ह्यूगो भिंतीवर डोके आपटत असे. तो 1980 मध्ये मेंदूतील रक्तस्रावाने मेला, आणि त्यानंतर 43 वर्षे टोकिटेने दुसरा ऑर्का पाहिला नाही. तिला परत तिच्या समुद्रात नेण्याची योजना जाहीर झाली, त्याच वर्षी, 18 ऑगस्ट 2023 रोजी, ती मेली. जी मादी तिची आई असावी असे अभ्यासकांना वाटत होते, ती तेव्हाही त्या समुद्रात पोहत होती.

कायदा हळूहळू बदलतो आहे. सीवर्ल्डने 2016 मध्ये ऑर्कांचे प्रजनन थांबवण्याची घोषणा केली. कॅनडाने 2019 मध्ये देवमासे आणि डॉल्फिन नव्याने बंदिवासात ठेवण्यावर बंदी घातली. आपल्या देशाने हे सहा वर्षे आधीच केले होते: केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने मे 2013 मध्ये करमणुकीसाठी डॉल्फिन किंवा देवमासे पकडून अथवा आयात करून ठेवण्यास मनाई केली. चेन्नईत 1998 मध्ये बल्गेरियातून आणलेले डॉल्फिन काही महिन्यांतच मेल्याचा अनुभव त्याआधी गाठीशी होताच. मालवण तालुक्यातील तोंडवळी-वायंगणीच्या प्रस्तावित सीवर्ल्ड प्रकल्पाची चर्चा आपल्याला आठवत असेल. तिथला विरोध मुख्यतः जमिनीवरून झाला, पण अशा कोणत्याही प्रकल्पात डॉल्फिन ठेवण्याचा मार्ग या मनाईने बंद केलेला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

आता जे पन्नासेक ऑर्का जगभर हौदांत उरले आहेत, त्यांना सरळ समुद्रात सोडावे असे मी म्हणणार नाही. केको या नराला 1998 मध्ये आइसलँडला परत नेले. तो पुढे नॉर्वेपर्यंत पोहत गेला, पण जंगली ऑर्कांत तो कधी मिसळला नाही, माणसांकडेच येत राहिला, आणि 2003 मध्ये न्यूमोनियाने मेला. जन्मापासून हौदात वाढलेल्यांना तर शिकार म्हणजे काय हेच माहीत नाही. त्यांच्यासाठी योग्य वाटणारा मार्ग म्हणजे जाळ्याने वेढलेली नैसर्गिक खाडी, जिथे माणसाची देखरेख आणि अन्न राहील पण पाणी, खोली आणि भरती-ओहोटी खरी असेल. कॅनडात नोव्हा स्कोशिया येथे अशा एका खाडीची तयारी चालू आहे. खर्च प्रचंड आहे, आणि या प्राण्यांवर इतकी वर्षे पैसा कमावलेल्या कंपन्यांनी तो उचलला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

राहिला आपला तिसरा प्रश्न. ऑर्लँडोचे तिकीट काढू नका. जमल्यास सिएटलच्या उत्तरेला सॅन वान बेटावरील लाइम किल्न उद्यानात मुलांना घेऊन जा. तिथे दीपगृहाच्या खालच्या खडकांवर बसून ऑर्का पाहता येतात. कधी कधी ते किनाऱ्याच्या इतक्या जवळून जातात की त्यांच्या श्वासाचा आवाज आधी ऐकू येतो आणि पर मागाहून दिसतो. होडीची सहल घेण्यापेक्षा किनारा बरा, कारण इंजिनांच्या आवाजात त्यांना मासे शोधणे जड जाते. 2025 पासून वॉशिंग्टनच्या कायद्याने होड्यांना तिथल्या मासेखाऊ ऑर्कांपासून सुमारे 900 मीटर दूर राहावे लागते. ते दिसतीलच याची हमी कोणी देणार नाही, तेव्हा मुलांना आधी तशी कल्पना द्या, दुर्बीण सोबत घ्या आणि निदान दोन दिवस हाताशी ठेवा.