घरी केलेल्या डीएनए टेस्टवरून फारकत मागतायत, सही करू का?

ताई, सही अजिबात करू नका, बाकीचं नंतर बोलू.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं, की सासर विट्याकडचं, मिस्टर गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यात केरळात, 2024 च्या दिवाळीला 30 ऑक्टोबरला घरी आले, महिनाभर राहिले, आणि बाळ 16 जुलै 2025 ला झालं. सासूबाईंनी बोटावर मोजलं तर नऊ महिने भरेनात, त्यात दवाखान्याच्या कागदावर 38 आठवडे, म्हणजे पोरगा यायच्या आधीचं आहे असं त्यांनी धरलं. मग नणंदेनं ऑनलाइन किट मागवून तुम्हाला न सांगता बाळाच्या गालातून काडी फिरवली आणि 'पितृत्वाची शक्यता 0 टक्के' असा रिपोर्ट भावकीच्या ग्रुपवर टाकला. आता तुम्ही बाळाला घेऊन तासगावला माहेरी, आणि सासरचे पाचशेच्या स्टॅम्पवर फारकत लिहून द्या म्हणतायत.

आधी त्या 38 आठवड्यांचं बघू, कारण सगळं भांडण तिथनं सुरू झालंय. डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, गर्भ राहतो साधारण दोन आठवड्यांनी. 16 जुलैपासून 38 आठवडे मागं गेलं की 23 ऑक्टोबर येतो, ती झाली पाळीची तारीख, आणि दिवस गेले असणार 6 नोव्हेंबरच्या आसपास, तेव्हा मिस्टर घरातच होते की. 37 आठवडे झाले की बाळ पुऱ्या दिवसाचं धरतात. एवढी गोष्ट कुणी त्या दवाखान्यात विचारली असती तर एका बाईच्या चारित्र्यावर चिखल उडाला नसता, याचा मला खरंच राग येतो.

आता किटचं. गालाच्या आतल्या पेशी कापसाच्या काडीवर घेतात, लॅबमध्ये डीएनएतल्या वीसेक ठरावीक जागा तपासतात, प्रत्येक जागी बाळाकडं एक नक्कल आईची आणि एक बापाची असते, बापाची जुळते का ते बघायचं. एखाददुसऱ्या जागी जुळलं नाही तर तो नैसर्गिक बदलही असू शकतो, बऱ्याच जागी जुळलं नाही तरच 'बाप नाही' म्हणतात. हे शास्त्र पक्कं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण लॅब सांगते ती फक्त पाकिटातून आलेल्या दोन काड्यांबद्दल! त्या कुणाच्या तोंडातल्या हे लॅबला माहीत नसतं, पाठवणाऱ्यानं लिहिलं ते नाव. तुम्हीच लिहिलंय की मिस्टर त्या नोव्हेंबरनंतर गावी आलेच नाहीत, मग बापाची म्हणून जी काडी गेली ती आली कुठून? केरळातून कुरिअरनं आली, की घरातल्याच कुणाची? रिपोर्टच्या शेवटी बारीक अक्षरात बघा, बहुतेक वेळा छापलेलं असतं की नमुने देणाऱ्यांची ओळख तपासलेली नाही आणि रिपोर्ट कायदेशीर कामासाठी नाही. कोर्टाच्या टेस्टमध्ये ओळखपत्र, फोटो, अंगठा, साक्षीदार, सीलबंद पाकीट, सगळी साखळी असते, इथं त्यातलं काहीच नाही.

कायदा काय म्हणतो तर भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 चं कलम 116 (जुन्या पुरावा कायद्यातलं 112), लग्न टिकून असताना झालेलं मूल नवऱ्याचंच, आणि हे मोडायचं तर गर्भ राहायच्या काळात नवराबायकोला भेटायची संधीच नव्हती हे नवऱ्यानं सिद्ध करायचं. तुमच्या तारखांत ती संधी स्पष्ट दिसतेय. पुण्याच्या फॅमिली कोर्टातून सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेल्या एका प्रकरणात नवऱ्यानं अशीच खासगी टेस्ट केलेली, तरी 2023 मध्ये कोर्टानं मुलाची डीएनए टेस्ट नाकारली, बायकोवर संशय आहे म्हणून लेकराला तपासायला लावायचं नाही म्हणाले. पण दुसरी बाजूही सांगते. नागपूरकडच्या प्रकरणात 2014 साली कोर्टाच्या आदेशानं झालेली डीएनए टेस्ट विरोधात गेली तेव्हा सुप्रीम कोर्टानं टेस्टच खरी धरली. म्हणून रागाच्या भरात ग्रुपवर 'करा टेस्ट, होऊन जाऊ दे' असं लिहू नका. तुम्हाला खात्री आहे हे मी मानते, पण टेस्ट झालीच तर ती कोर्टामार्फत, तिघांचे नमुने समोरासमोर घेऊन.

त्या स्टॅम्पपेपरवरच्या फारकतीनं हिंदू लग्न मोडत नाही, जातीची जुनी रूढी कोर्टात सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी, एरवी घटस्फोट कोर्टच देतं. पण तुम्ही त्यात 'बाळ यांचं नाही' असं काही लिहून दिलंत तर तो कागद पुढं तुमच्याविरुद्ध वापरतील, म्हणून बैठकीला बोलावलं तरी एकट्या जाऊ नका.

पोटगीसाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली तुमचा आणि बाळाचा अर्ज करा, तुम्ही राहता तिथल्या कोर्टात करता येतो, विट्याला हेलपाटे नकोत. अंतरिम पोटगीचा निर्णय शक्यतो नोटीस पोचल्यापासून 60 दिवसांत द्यावा असं कायद्यातच आहे. सोबत कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज, चारित्र्यावरून असं बदनाम करणं ही मानसिक हिंसाच आहे, आणि खोटे आरोप म्हणजे क्रूरता हे सुप्रीम कोर्टानं 2003 मध्येच सांगितलंय. वकिलाच्या फीची काळजी करू नका, बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, सांगलीला विजयनगरच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात जा.

जाताना बाळाचा जन्मदाखला, सगळ्या सोनोग्राफ्या (पहिली फार महत्त्वाची, तारीख तीच सगळ्यात नीट सांगते), मिस्टरांची रेल्वे तिकिटं, त्या महिन्यातले फोटो, गूगल पेचे व्यवहार न्या. आणि ग्रुपवरचे मेसेज डिलीट करू नका, नुसते स्क्रीनशॉट काढून मोबाईल विकूही नका, कोर्टात ते मेसेज दाखवायला त्याच साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं सर्टिफिकेट लागतं आणि मूळ मोबाईल हातात असला की ते काम सोपं होतं.