आठवड्याची बैठक दोन तास चालूनही काहीच ठरत नाही. ती आटोपशीर कशी करावी?

विषयपत्रिकेतील प्रत्येक मुद्दा ‘नेमके काय ठरवायचे आहे’ अशा प्रश्नाच्या रूपात लिहून ती टिपणासह आदल्या दिवशीच पाठवावी. ज्या मुद्द्याचा असा प्रश्न तयार होत नाही, तो ईमेलने कळवावा. टिपण कोणी वाचून येत नाही, ही अडचण खरीच आहे, आणि तिच्यावर ॲमेझॉनची पद्धत मला सर्वांत व्यवहार्य वाटते: तिथे सादरीकरणाऐवजी सहा पानी टिपण लिहिले जाते आणि बैठकीच्या सुरुवातीलाच सर्वजण ते शांतपणे वाचतात, असे कंपनीचे संस्थापक जेफ बेझोस यांनी भागधारकांना लिहिलेल्या २०१७ सालच्या पत्रात नमूद केले आहे. (तुम्हाला एक पान पुरे.) इतिवृत्तात निर्णय, तो पार पाडणारी व्यक्ती आणि मुदत हे तरी यावेच. रोजच्या दहा मिनिटांच्या आढाव्यासाठी मात्र हा खटाटोप करू नये.